लॉजवर उतरताना आधी खोली बघा, मग सही करा

मार्च संपत आला की सांगलीच्या आमच्या ऑफिसात दोन तऱ्हेचे फोन सुरू होतात. एक बँकांचे, शाखा ऑडिटच्या नेमणुकांबद्दलचे. दुसरे आर्टिकलशिपला, म्हणजे सीए होण्याआधीच्या उमेदवारीला, आलेल्या पोरापोरींच्या आईवडिलांचे. "मॅडम, जिंतूरला पाठवताय म्हणे. तिथं राहणार कुठं? लॉज बरं आहे ना?" एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यात आमची पोरं मराठवाडा-विदर्भातल्या तालुक्याच्या गावी तीन-चार रात्री काढतात. मी स्वतः सीए झाल्यापासून हेच करत आले आहे. त्यामुळे मला जे कळतं ते पंचतारांकित हॉटेलांतलं नाही. एसटी स्टँडसमोरची इमारत, खाली परमिट रूम, वर पंधरा खोल्या आणि काउंटरवर गल्ल्याशेजारी गणपती, असल्या लॉजमधलं ते ज्ञान आहे. पण कडी, नळ, वायर आणि जिना या चार गोष्टी मोठ्या हॉटेलांतही असतातच, तेव्हा तिथंही यातलं बरंच उपयोगी पडेल.

ऑडिटमध्ये आम्ही व्हाउचर बघितल्याशिवाय ताळेबंदावर सही करत नाही. लॉजच्या रजिस्टरवरही खोली बघितल्याशिवाय सही करायची नाही, हा आमच्या ऑफिसचा नियम आहे. पैसे हातात असतात तोवर मॅनेजर तीन खोल्या दाखवतो. आगाऊ भरले की "मॅडम, आज फुल आहे" एवढंच उत्तर येतं.

फोनवर काय विचारायचं

बुकिंग ॲपवरचे फोटो बहुधा उद्घाटनाच्या दिवसाचे असतात. ते बघा, पण त्यावर जाऊ नका. गावातली माहिती काढायचा माझा खात्रीचा मार्ग वेगळा आहे: एखाद्या मेडिकल दुकानात फोन करा आणि विचारा, औषध कंपन्यांचे एमआर, म्हणजे फिरते प्रतिनिधी, तुमच्या गावात कुठं उतरतात? एमआर महिन्यातून वीस दिवस बाहेर असतो, त्याला स्वस्तही हवं असतं आणि सकाळी इस्त्रीचे कपडे घालून डॉक्टरांकडे जायचं असतं. तो राहतो तिथं पाणी येतं आणि ढेकूण नसतात, एवढं नक्की धरा.

मग लॉजवर थेट फोन. पहिला प्रश्न चेक-आऊटचा. आपल्याकडे दोन पद्धती आहेत. काही ठिकाणी चोवीस तास, म्हणजे रात्री नऊला आलात तर दुसऱ्या रात्री नऊपर्यंत खोली तुमची. काही ठिकाणी बारा ते बारा, म्हणजे रात्री अकराला येऊनही दुसऱ्या दुपारी बाराला एक दिवस संपला. भाडं दोन्हीकडे सारखंच सांगतील, पण उशिरा पोहोचणाऱ्याला पहिलं परवडतं.

दुसरा प्रश्न: गरम पाणी कधी आणि कशाचं? "चोवीस तास" असं उत्तर आलं तर पुन्हा विचारा, सोलर आहे की गिझर. सोलर असेल तर पहाटे उठणाऱ्यांनी ते संपवलेलं असतं. गिझर असेल तर विजेचा की गॅसचा, हेही विचारून घ्या. त्याचं कारण पुढे येईल.

आणि तिसरा प्रश्न कुणी विचारत नाही, तो म्हणजे लग्नाचा. तालुक्याच्या गावी अर्धे लॉज कुठल्या ना कुठल्या मंगल कार्यालयाला लागून असतात. बुकिंगआधी भिंतीवरच्या कॅलेंडरात लग्नतिथी बघा. दाट मुहूर्त असेल तर वऱ्हाड त्याच मजल्यावर असणार, पहाटे चारपासून बादल्यांचा आवाज असणार आणि संध्याकाळी बँजो. त्या दिवशी गावाच्या दुसऱ्या टोकाला जागा शोधा. खाली परमिट रूम असेल तर दुसरा मजला आणि मागची बाजू मागायची. पोरी एकट्या असतील तर परमिट रूमचा आणि खोल्यांचा जिना एकच आहे का, हेही विचारायचं. एकच असेल तर मी तिथं त्यांना ठेवत नाही, मग खोली कितीही चकचकीत असो.

देवस्थानाच्या गावांत आणखी एक काळजी. शिर्डी, पंढरपूर, तुळजापूर, अक्कलकोट अशा ठिकाणच्या भक्तनिवासांच्या नावाने खोटी संकेतस्थळं आणि खोटे नंबर फिरत असतात. इंटरनेटवर शोधल्यावर जो नंबर सगळ्यात वर दिसतो तो संस्थानचाच असेल असं नाही. पलीकडचा माणूस "आत्ता अर्धी रक्कम क्यूआरवर टाका, एकच खोली शिल्लक आहे" म्हणाला की फोन ठेवून द्या. पैसे गेलेच तर त्याच तासात १९३० ला फोन करायचा. सायबर फसवणुकीचा हा राष्ट्रीय क्रमांक आहे आणि लवकर कळवलं तर रक्कम मधल्या खात्यात अडवता येण्याची शक्यता राहते. दुसऱ्या दिवशी सावकाश केलेल्या तक्रारीत तेवढा दम नसतो.

काउंटरवर

ओळखपत्र द्यावंच लागतं. रजिस्टरमध्ये कुठून आलात, कुठं जाणार, येण्याचं कारण असे रकाने असतात, पोलिस ते तपासतात. त्यात कुरकुर करण्यासारखं काही नाही. मात्र आधारची पूर्ण प्रत देत सुटू नका. आधार देणाऱ्या यूआयडीएआयच्या संकेतस्थळावरून 'मास्क्ड आधार' उतरवून घेता येतं, त्यात फक्त शेवटचे चार आकडे दिसतात. नाहीतर ड्रायव्हिंग लायसन्स किंवा मतदार ओळखपत्र चालतं. पॅन कार्ड बहुतेक ठिकाणी घेत नाहीत, कारण त्यावर पत्ता नसतो. झेरॉक्स द्यायचीच असेल तर त्यावर आडवं लिहा: फक्त अमुक लॉजमधल्या मुक्कामासाठी, आणि तारीख. मॅनेजरने स्वतःच्या मोबाइलवर कार्डाचा फोटो काढायला घेतला तर मी सरळ झेरॉक्स पुढे करते.

काउंटरवर कुणी मोठ्याने "दोनशे चार मॅडमना द्या" असं ओरडलं आणि सोफ्यावर चार माणसं बसलेली असली, तर हसून दुसरी खोली मागायची आणि नंबर चिठ्ठीवर लिहून द्यायला सांगायचं. हे विचित्र वाटतं, पण पोरींनी लाजायचं नाही. "एकट्याच का?" या प्रश्नाला उत्तर ठरलेलं असावं: "बाकीची टीम मागून येतेय."

जाता जाता एक: दोन सज्ञान माणसांनी, लग्न झालेलं नसताना, एका खोलीत राहण्यावर आपल्याकडे कुठलाही कायदा बंदी घालत नाही. मद्रास उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये हे स्पष्ट शब्दांत म्हटलं आहे. एखादा लॉज स्वतःच्या नियमाने नकार देतो तो भाग वेगळा. म्हणून तेही फोनवरच विचारलेलं बरं, रात्री दहाला काउंटरवर नको.

खोलीतली पहिली दहा मिनिटं

बॅग खालीच, सोबत्याजवळ ठेवा आणि वेटरबरोबर वर जा. दार उघडल्यावर आधी नाकाने काम करा. ओलसर कुबट वास असेल तर भिंत झिरपते आहे. अगरबत्ती किंवा फिनेलचा वास फारच दाटून आला तर त्याखाली काहीतरी दुसरं आहे. अशी खोली मी नाकारते, आत पाऊलही टाकत नाही.

नंतर दार. आतून कडी लावून बघा, पण नुसती लावून नाही, लावून दार ओढून बघा. कोयंड्याचे स्क्रू सैल असतात, चौकटीचं लाकूड भुसभुशीत झालेलं असतं आणि कडी नुसती शोभेला असते. दाराला वर-खाली दोन कड्या असल्या तर फार चांगलं. शेजारच्या खोलीत उघडणारं मधलं दार असेल तर त्याला आपल्या बाजूने कडी हवीच. जुन्या दारांना आरपार किल्लीचं भोक असतं, त्यात कागदाचा बोळा घाला.

बाहेरून लावायला लॉजवाले स्वतःचं कुलूप देतात. त्याच्या किल्ल्या किती जणांकडे आहेत हे त्यांनाही सांगता येत नाही. आमच्या प्रत्येक पोराच्या बॅगेत स्वतःचं कुलूप असतं आणि एक लाकडी पाचर. पाचर रात्री दाराखाली आतून ठोकायची. दार आत उघडणारं असेल तर कडी निघाली तरी दार हलत नाही. ही पाचर आम्ही सुताराकडून सागाच्या तुकड्याची करून घेतो, चहाच्या पैशात होते. फरशी गुळगुळीत असेल तर खाली सायकलच्या ट्यूबचा तुकडा चिकटवा. स्वतःचं कुलूप लावायला मॅनेजर कधी कधी आढेवेढे घेतो, साफसफाईचं कारण देतो. "मी असताना साफ करा" म्हटलं की प्रश्न मिटतो. नाहीतरी आमच्या बॅगांत बँकेचे कागद असतात.

खिडकी उघडून बाहेर काय आहे ते बघा. शेजारच्या इमारतीची गच्ची हाताच्या अंतरावर असेल आणि खिडकीला गज नसतील, तर ती खोली नको. विदर्भात आणखी एक प्रकार भेटतो: खिडकीचं एक तावदान काढून तिथं कूलर बसवलेला असतो आणि कूलर व चौकट यांच्यामध्ये हात जाईल एवढी फट. त्या बाजूला मोबाइल चार्जिंगला लावून झोपायचं नाही.

कूलरचा विषय निघालाच आहे तर सांगते. एप्रिलात अकोला-चंद्रपूरकडे पारा सहज चाळिशी ओलांडतो, कूलरशिवाय गत्यंतर नसतं. पण लोखंडी कूलर, पाणी आणि अर्थिंग नसलेला जुना पॉइंट ही जोडी जीवघेणी आहे. उन्हाळ्यात कूलरचा शॉक लागून माणसं गेल्याच्या बातम्या तिकडच्या वर्तमानपत्रांत येतच असतात. तेव्हा पाणी भरताना आधी बटण बंद, मग प्लग बाहेर. चालू कूलरला ओल्या हाताने, अनवाणी पायाने शिवायचं नाही. बाथरूममधून आल्या आल्या तर नाहीच. आणि कूलर लावलात की पलीकडची खिडकी किंवा झरोका थोडा उघडा ठेवा, हवेला बाहेर जायला वाट नसेल तर तासाभरात अंथरूण चिकट होतं.

आता पलंग. चादर बाजूला करून गादीचा कोपरा उचला, शिवणीवरून मोबाइलचा टॉर्च फिरवा. शाईचे बारीक ठिपके पडल्यासारखे काळे डाग दिसले तर ते ढेकणांचे. पलंगाच्या फळ्यांच्या सांध्यात आणि डोक्याकडच्या फळीमागेही बघा. डाग दिसले तर शेजारची खोली घेऊ नका, ढेकूण भिंतीतल्या फटींतून आणि वायरच्या पाइपातून पलीकडे जातात. वेगळा मजला मागा, नाहीतर दुसरा लॉज. ही तपासणी होईतो बॅग पलंगावर किंवा सोफ्यावर ठेवायची नसते. घरची एक चादर आणि उशीचा अभ्रा बरोबर असावा. लॉजच्या चादरी धुतात, ब्लँकेटं धूत नाहीत. तेव्हा ब्लँकेट घ्यायचं झालंच तर मध्ये आपली चादर.

छुप्या कॅमेऱ्याची भीती हल्ली सगळ्यांना कडी-कोयंड्यापेक्षा जास्त वाटते. माझ्या मते उलट असायला हवं, पण दोन मिनिटं त्यासाठीही द्या. दिवे बंद करा, पडदा ओढा आणि मोबाइलचा टॉर्च डोळ्यांजवळ धरून पलंगाकडे तोंड असलेल्या वस्तूंवर फिरवा: घड्याळ, सेट-टॉप बॉक्स, आगीची सूचना देणारी छतावरची डबी, भिंतीत उगाच लावून ठेवलेला चार्जर. बाथरूममध्ये एक्झॉस्ट पंखा आणि गिझरच्या वरची जागा. भिंग असेल तर टाचणीएवढा चकाकणारा ठिपका दिसतो. अंधारात बघणाऱ्या कॅमेऱ्याचे अवरक्त (इन्फ्रारेड) दिवे काही मोबाइलच्या कॅमेऱ्यात जांभळट दिसतात. तुमच्या मोबाइलला ते दिसतात का, हे टीव्हीचा रिमोट दाबून आधी तपासून घ्या. काही सापडलं तर हात लावू नका, उचकटू नका. फोटो घ्या, खोलीबाहेर या आणि ११२ ला फोन करा. स्त्रीचं असं चित्रण करणं भारतीय न्याय संहितेच्या कलम ७७ खाली गुन्हा आहे, पहिल्याच वेळी एक ते तीन वर्षांचा कारावास आहे. मॅनेजर "आपसात मिटवू" म्हणेल, ते ऐकायचं नाही.

पंखा सगळ्या नंबरवर फिरवा, नळ सोडा, फ्लश ओढा, दिव्यांची बटणं दाबून बघा. चार्जिंगचा पॉइंट हटकून दाराशेजारी असतो, म्हणून एक छोटा एक्स्टेन्शन बोर्ड बॅगेत हवा. एवढं झालं की खाली या आणि मग सही करा.

बाथरूममधलं जे जिवावर बेतू शकतं

गॅस गिझर. यावर मी पोरांना दरवर्षी तेच तेच ऐकवते आणि ती दरवर्षी कंटाळतात, तरी इथंही लिहिते. गॅस जळायला हवा लागते. बंद बाथरूममध्ये हवा पुरी पडली नाही की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. डोकं जड होतं, मळमळतं, पायातलं बळ जातं, आणि माणूस दाराच्या कडीपर्यंत पोहोचण्याआधी खाली पडतो. हिवाळ्यात अशा मृत्यूंच्या बातम्या महाराष्ट्रात पुन्हा पुन्हा येतात. थंडी असते म्हणून माणूस खिडकी लावून घेतो, तिथंच घात होतो.

म्हणून गिझर बाथरूमच्या आत बसवलेला असेल आणि वर उघडी जाळी किंवा चालू एक्झॉस्ट नसेल, तर आत उभं राहून शॉवर घ्यायचा नाही. दार उघडं ठेवून बादली भरा, गिझर बंद करा, पाच मिनिटं थांबा आणि मगच दार लावून आंघोळ करा. कुणी फार वेळ बाहेर आलं नाही तर दार वाजवायला लाजू नका. उत्तर आलं नाही तर दार फोडा, त्या माणसाला मोकळ्या हवेत आणा आणि १०८ ला फोन करा.

विजेचा गिझर असेल तर तोही आंघोळीआधी बंद. नळाला झिणझिण्या आल्या तर त्या बाथरूममध्ये पुन्हा पाय टाकू नका, तुमचं नशीब एवढ्यावर निभावलं. काही लॉज पाणी तापवायला बादलीत सोडायचा हीटर देतात. तो मी परत पाठवते आणि खालून गरम पाण्याची बादली मागवते. वीस रुपये जास्त जातात, जाऊ देत.

फरशीचं म्हणाल तर लॉजच्या बाथरूमची फरशी ओली झाली की निसरडी होते. साठीपुढची माणसं बरोबर असतील तर रबरी सपाता हव्यातच, आणि रात्री बाथरूमचा दिवा चालू ठेवून दार लोटून घ्यायचं.

आग लागली तर

१२ फेब्रुवारी २०१९ च्या पहाटे दिल्लीच्या करोलबागेतल्या एका हॉटेलात आग लागून १७ माणसं गेली. २९ एप्रिल २०२५ ला कोलकात्याच्या बडाबाजार भागातल्या हॉटेलात १४ गेली. दोन्हीकडे बहुतेक जण भाजून नव्हे, धुराने गुदमरून मेले. हे लक्षात ठेवलं की काय करायचं ते आपोआप सुचतं.

खोलीतून जिन्यापर्यंत भिंतीला हात लावून चालत जा आणि मध्ये किती दारं लागतात ती मोजा. धुरात डोळे उघडत नाहीत, हाताला दारं लागतात. दुसरा जिना आहे का ते बघा, आणि असेल तर तो खरंच उघडा आहे का तेही, कारण तिथं बहुधा जुन्या गाद्या आणि बियरचे क्रेट रचलेले असतात. मजला पहिला ते तिसरा यापलीकडे मी मागत नाही. तालुक्याच्या गावात अग्निशमनची उंच शिडी येईल या भरवशावर राहता येत नाही.

छोट्या लॉजचा खरा धोका रात्रीचं शटर हा आहे. अकरा-साडेअकराला मॅनेजर खालचं शटर किंवा चॅनल गेट आतून कुलूप लावून काउंटरमागे झोपतो. किल्ली त्याच्या उशाशी. मी दरवेळी विचारते, "रात्री किल्ली कुणाकडे? तो कुठं झोपतो?" पहाटेची बस आहे असं म्हटलं की सरळ उत्तर मिळतं. मालक भेटला तर आणखी एक विचारते. महाराष्ट्राच्या २००६ च्या अग्निप्रतिबंधक कायद्याप्रमाणे अशा इमारतीच्या मालकाला अग्निसुरक्षा यंत्रणा नीट असल्याचं प्रमाणपत्र, 'फॉर्म बी', दर जानेवारीत आणि जुलैत द्यावं लागतं. ते बघायला मागितलं की कोण गडबडतं आणि कोण भिंतीकडे बोट दाखवतं, यावरून पुष्कळ कळतं. ऑडिटची सवय, दुसरं काय.

धूर आलाच तर दार उघडण्याआधी हाताची मागची बाजू दाराला लावा. गरम लागलं तर उघडू नका. टॉवेल, चादर ओली करून दाराखालच्या फटीत कोंबा, एसी बंद करा, खिडकीशी जा आणि १०१ किंवा ११२ ला लॉजचं नाव आणि खोलीचा नंबर सांगा. दार गार असेल तर खाली वाकून, जवळजवळ रांगत जिन्याकडे निघा. लिफ्ट नाही. बॅग नाही.

रात्र

दार वाजलं तर आधी कोण ते विचारायचं. "रूम सर्व्हिस" असं उत्तर आलं आणि आपण काही मागवलेलं नसेल, तर काउंटरला फोन करून खात्री करायची. साखळी लावूनच दार उघडायचं. पोरींनी जेवण दाराबाहेर ठेवायला सांगावं आणि माणूस गेल्यावर आत घ्यावं. उद्धटपणा नाही हा. चांगल्या लॉजमधली वयस्कर वेटर मंडळी हे स्वतःहून करतात. अशा वेटरला पहिल्याच दिवशी पन्नासाची नोट द्यावी. शेवटच्या दिवशी देण्यात आपला फायदा काही नाही.

मुक्कामाचं ठिकाण, खोली नंबर आणि लॉजचा फोन घरी एका माणसाला कळवून ठेवा. पैसे, किल्ली, चष्मा, मोबाइल हे झोपताना एकाच जागी, उशाशी. लॉजच्या वायफायवरून बँकेचे व्यवहार करू नका, मोबाइलचा डेटा तेवढ्यापुरता पुरतो.

डासांसाठी मी द्रवाची बाटली आणि मशीन दोन्ही घरून नेते. बाथरूमच्या झरोक्याला जाळी नसेल तर संध्याकाळी सहाच्या आत बाथरूमचं दार लावून घ्यायचं, निम्मे डास तिथूनच येतात.

पाणी, जेवण

व्हरांड्यातल्या जारचं पाणी गार असतं, शुद्ध असेलच असं नाही. बाटली घ्या आणि झाकण फिरवताना सील तुटल्याचा आवाज येतो का ऐका. खोलीतल्या किटलीत आधीच्या लोकांनी अंडी उकडलेली असतात, मोजे धुतलेले असतात, मॅगी तर असतेच. एकदा पाणी उकळून ओतून द्या, मग आपला चहा करा. ओआरएसची दोन पाकिटं जवळ हवीत.

जेवण लॉजवरच घ्या असा आग्रह मी धरत नाही. पण रात्री दहानंतर मागवलंत तर दुपारचा रस्सा गरम होऊन येतो. त्यापेक्षा दालखिचडी सांगा, ती तरी ताजी लावावी लागते.

बिल

मोठ्या भांडणांपेक्षा इथं थोडी माहिती कामाला येते. २२ सप्टेंबर २०२५ पासून रोज ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीवर जीएसटी ५ टक्के आहे, त्यापुढे १८. आठशेच्या खोलीवर कुणी १२ टक्के लावला तर तो जुना दर आहे, दुरुस्त करून मागा. "बिल नको असेल तर शंभर कमी करतो" हा प्रस्ताव येतोच. आमची पोरं बिलाशिवाय आली तर मी प्रवासखर्च देत नाही, त्यामुळे तो प्रश्न आमच्यापुरता सुटलेला आहे. पण तुम्हीही बिल घ्या. चोरी झाली, मारामारी झाली, ग्राहक आयोगात जावं लागलं, तर तुम्ही तिथं राहिला होता याचा तोच पुरावा.

सर्व्हिस चार्ज आपोआप बिलात घालता येत नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये तसे निर्देश काढले आणि दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये ते उचलून धरले. काढा म्हणा, नाही काढला तर १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करा. बाटलीवरच्या एमआरपीवरून मात्र वाद घालू नका. बसून खाण्याच्या जागी हॉटेलवाले एमआरपीपेक्षा जास्त घेऊ शकतात, असं सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१७ मध्ये ठरवलं आहे. शेजारच्या किराणा दुकानातून आणा, स्वस्त पडतं.

"वाहने मालकाच्या जबाबदारीवर" अशी पाटी पार्किंगमध्ये दिसते. किल्ली तुम्ही हॉटेलच्या माणसाच्या हातात दिली आणि त्याने गाडी लावली, तर ती पाटी दाखवून हॉटेलला हात झटकता येत नाहीत. दिल्लीतल्या एका पंचतारांकित हॉटेलातून १९९८ मध्ये चोरीला गेलेल्या मारुतीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये तसा निकाल दिला. गाडी तुम्हीच लावलीत आणि किल्ली तुमच्या खिशात राहिली, तर मात्र गोष्ट वेगळी. म्हणून गाडी लावायला दिलीत तर टोकन मागून घ्या.

निघताना चार जागा: दारामागची खुंटी, उशीखाली, बाथरूमचं फडताळ आणि चार्जिंगचा पॉइंट. अनामत घेतली असेल तर ती तुमच्यासमोर, काउंटरवरच परत घ्या. "यूपीआयने संध्याकाळी पाठवतो" हे चालवून घेऊ नका. आणि रजिस्टरमध्ये बाहेर पडल्याची तारीख, वेळ आणि सही स्वतःच्या हाताने करा. तो रकाना बरेच लॉज मोकळा सोडतात आणि मागाहून सोयीची वेळ भरतात. उद्या त्या खोलीत काही भानगड झाली तर कागदावर तुम्ही अजून तिथंच असता.